वाड्यातला झोपाळा फ्लॅटमध्ये मावतो का? नाटकाचा सिनेमा होताना नेमकं काय घडतं

२०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला, तेव्हा आम्ही घरचे तिघं तो पाहायला गेलो. मी, पंचाहत्तरीची आत्या आणि इंजिनीअरिंगला असलेला भाचा. बाहेर पडताना आत्या म्हणाली, ‘‘दिसायला छान होतं रे सगळं. पण माझं मानापमान कुठे होतं त्यात?’’ भाचा म्हणाला, ‘‘आजी, मला तर वाटलं अजून कमी गायला पाहिजे होतं.’’

पुढच्या रविवारी मिसळीच्या दुसऱ्या रश्श्यापर्यंत हा वाद चालला आणि मिटला नाही. आत्याचं म्हणणं, नाटकाला हात लावायचाच होता तर नाव कशाला वापरलं? भाच्याचं म्हणणं, नाटकच दाखवायचं होतं तर सिनेमा कशाला काढला? दोघांचंही मला थोडं थोडं पटत होतं. मध्ये बसलेल्या माणसाचं असंच होतं.

खरं तर हा वाद नाशिककरांनी घालायला हरकत नाही. ‘नटसम्राट’ लिहिणारे शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज, म्हणजे आपले तात्यासाहेब, इथलेच. ‘अश्रूंची झाली फुले’ लिहिणारे वसंत कानेटकर इथेच एचपीटी कॉलेजात शिकवायचे. आणि सिनेमा नावाची गोष्ट ज्यांनी या देशात रुजवली ते दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला आणि गेले नाशकात. नाटक आणि सिनेमा, दोन्हीची मुळं आपल्या अंगणात आहेत. तेव्हा जुन्या गाजलेल्या नाटकावर सिनेमा करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे जरा सावकाश पाहू.

आधी एक घोळ मिटवू: नाटकाचं शूटिंग म्हणजे सिनेमा नव्हे

बऱ्याच जणांच्या मनात चित्र असं असतं, की रंगमंचासमोर कॅमेरा लावला, नाटक सुरू केलं, झाला सिनेमा. हे आपल्याकडे खरोखरच करून झालेलं आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दाखवला गेला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथेच ३ मे १९१३ ला आला, म्हणजे जवळजवळ वर्षभरानंतर. तरीही पहिला भारतीय कथापट म्हणून मान मिळतो तो ‘हरिश्चंद्र’ला.

असं का? ‘पुंडलिक’ हे मुख्यतः रामराव कीर्तीकरांच्या नाटकाचं चित्रण होतं. कॅमेरा समोर ठेवला होता, प्रेक्षकानं खुर्चीत बसावं तसा. कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली, अशीही कारणं पुढे करतात. तोरण्यांवर अन्याय झाला असं मानणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की शंभर वर्षांपूर्वीही लोकांना एक फरक कळत होता. नाटक टिपून ठेवणं वेगळं आणि कॅमेऱ्यासाठी गोष्ट नव्यानं रचणं वेगळं.

या नव्यानं रचण्याला रूपांतर म्हणतात. आणि त्यासाठी जे लिहितात, म्हणजे कोणतं दृश्य कुठे घडतं, काय दिसतं, काय ऐकू येतं, एकामागून एक काय येतं, ती पटकथा. बोजड शब्द म्हणावेत असे हे दोनच. बाकी सगळं घरातल्या भाषेत सांगता येतं.

वाड्यातून फ्लॅटमध्ये

माझ्या आजोळचा वाडा पंचवटीत होता. तो सोडून मंडळी इंदिरानगरला फ्लॅटमध्ये गेली, तेव्हा आठ दिवस घरात एकच चर्चा होती, काय न्यायचं आणि काय सोडायचं. देव्हारा गेला. पितळी पिंप गेलं, पण पाणी साठवायला नव्हे, कोपऱ्यात शोभेला. माजघरातला चार जणांचा झोपाळा मात्र हॉलमध्ये मावेना. आजीला वाटलं, झोपाळा नाही म्हणजे घर नाही. मग मामानं बाल्कनीत एक लहानसा, एकाच माणसाचा झोपाळा टांगला. आजी संध्याकाळी तिथे बसायला लागली.

मामानं काय केलं? झोपाळा नेला नाही. झोपाळ्याचं काम नेलं.

नाटकाचा सिनेमा करणाऱ्याला नेमकं हेच करावं लागतं. नाटकातला प्रत्येक संवाद, प्रत्येक पात्र, प्रत्येक पद तिथे काहीतरी काम करत असतं. कुणी मागची हकीकत सांगतं, कुणी मनातलं उघड करतं, कुणी ताण सैल करतं. पडद्यावर त्यातली काही कामं दुसरंच कुणीतरी जास्त चांगलं करतं: चेहरा, जागा, आवाज, एखादी वस्तू, कधी नुसती शांतता. आत्या आणि भाचा दोघंही सामान मोजत होते. एक म्हणत होती सामान कमी आलं, दुसरा म्हणत होता जास्त आलं. प्रश्न कामाचा होता.

शेवटच्या रांगेतला माणूस

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेत बसून नाटक पाहिलंय कधी? तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत. भुवई उंचावली तर कळत नाही. कळतो तो आवाज, उभं राहण्याची ढब, हाताची फेक. म्हणून नाटकात राग हा आवाजात असावा लागतो, दुःख पाठीच्या वाकण्यात असावं लागतं, आणि कानात कुजबुजायचं तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं कुजबुजावं लागतं. आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण तिकीट काढतानाच आपण ते कबूल केलेलं असतं.

कॅमेरा नटापासून हातभर अंतरावर येतो. तोच आवाज, तोच हात तिथे ‘नाटकी’ वाटतो. नाटकात मुरलेला नट पडद्यावर कधी कधी ओरडतोय असं आपण म्हणतो. तो वाईट अभिनय करत नसतो, तो अजून शेवटच्या रांगेसाठी बोलत असतो, एवढंच.

दुसरा फरक याहून मोठा. नाटकात कुणाकडे पाहायचं हे तुम्ही ठरवता. नायक बोलत असताना कोपऱ्यात भाजी निवडणाऱ्या बायकोकडे पाहत बसलात तरी कुणी अडवत नाही. सिनेमात दिग्दर्शक ठरवतो, आता बायकोचा चेहरा, आता नायकाचा, आता नुसता सुरीखाली कापला जाणारा कांदा. त्यामुळे नाटकात लक्ष वेधायला जे पल्लेदार वाक्य लागतं, ते काम सिनेमात चेहरा जवळून दाखवून, म्हणजे क्लोज-अपनं होतं. वाक्य तिथे पुन्हा जसंच्या तसं ठेवलं तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते. चांगले पटकथाकार संवाद छाटतात ते या कारणासाठी. आळस किंवा आजच्या पोरांना धीर नाही म्हणून नव्हे. (आळशी पटकथाकारही असतात, तो विषय वेगळा.)

स्वगताचं करायचं काय?

आता खरं अवघड दुखणं. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं, गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. आत्यानं ते कॉलेजात असताना पाहिलं आणि अजून त्याच्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो. त्या नाटकाचा कणा म्हणजे अप्पांची स्वगतं. स्वगत म्हणजे पात्र मनातलं मोठ्यानं बोलतं आणि आपण ते ऐकतो. रंगमंचावर हे शंभर टक्के चालतं. अंधारात बसलेले आठशे लोक त्या बोलण्याला साक्षी असतात. अप्पा एकटे असले तरी एकटे नसतात.

पडद्यावर असा माणूस रस्त्यावर उभा राहून मोठमोठ्यानं बोलायला लागला, की आजूबाजूला खरी वाहनं, खरी माणसं दिसत असतात. मग प्रश्न पडतो, हा कुणाशी बोलतोय?

महेश मांजरेकरांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ ला आला. नाना पाटेकर अप्पा. तिथे या प्रश्नाला दोन उत्तरं शोधलेली दिसतात. एक, अप्पांना ऐकणारा एक नाट्यवेडा तरुण दिला. त्यामुळे बरंचसं बोलणं स्वगत न राहता आठवण सांगणं झालं. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं: रामभाऊ. विक्रम गोखल्यांनी केलेला अप्पांचा हा नट मित्र चित्रपटानं उभा केला. नाटकात अप्पा किती मोठे नट होते हे अप्पांच्याच तोंडून कळतं, आणि लागूंसारखा नट ते म्हणत असेल तर पटतंच. सिनेमात ते रामभाऊंच्या डोळ्यांत दिसतं. बरोबरीचा नट समोर बसून टोमणे मारतो, हेवा करतो, प्रेम करतो, तेव्हा अप्पांची उंची मोजायला एक पट्टी मिळते. इस्पितळातल्या खाटेवर रामभाऊ आणि शेजारी अप्पा कर्ण-कृष्णाचा संवाद म्हणतात, तो प्रसंग पाहा. दोन म्हाताऱ्या नटांना रंगमंच सुटत नाही, हे सांगायला नाटकात एक पूर्ण स्वगत लागलं असतं.

जाता जाता: विक्रम गोखल्यांच्या आजी कमलाबाई आणि पणजी दुर्गाबाई कामत या दोघींनी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम केलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम पुरुषालाच करावं लागलं, इतकी बायकांची वानवा होती. पुढच्याच चित्रपटात या मायलेकी आल्या, आणि तोवर फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड नाशकात हलवलं होतं. म्हणजे शिरवाडकरांच्या नाटकात नसलेला रामभाऊ शेवटी नाशिकचा धागा घेऊनच आला म्हणायचा.

पण सगळी स्वगतं हलवता येत नाहीत. ‘कुणी घर देता का घर?’ हे काढलं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. काही सामान असं असतं की मावो न मावो, न्यावंच लागतं. मग भिंत पाडून जागा करतात.

खोलीबाहेर पडायलाच हवं का?

नाटक बहुतेक वेळा एका दिवाणखान्यात घडतं. कारण साधं आहे, नेपथ्य दर दहा मिनिटांनी बदलता येत नाही. म्हणून बाहेर जे घडतं ते कुणीतरी आत येऊन सांगतं. ‘‘अहो ऐकलंत का, चौकात दंगल झाली!’’ सिनेमाला अशी अडचण नाही, तो कॅमेरा घेऊन थेट चौकात जाऊ शकतो.

कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’चं उदाहरण घ्या. तत्त्वनिष्ठ विद्यानंद आणि वाया गेलेला लाल्या यांची ही गोष्ट. लाल्या म्हटलं की काशिनाथ घाणेकर आठवतात. या नाटकावर १९६९ मध्ये ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट आला, अशोककुमार त्यात होते, आणि कानेटकरांना कथेसाठी फिल्मफेअर मिळालं. मग १९८४ मध्ये यश चोप्रांनी त्याच बीजावर ‘मशाल’ केला. विद्यानंदांच्या जागी दिलीपकुमार आले, पण शिक्षक नव्हे, वर्तमानपत्राचे संपादक म्हणून. कॉलेज गेलं, मुंबईची वस्ती आली.

‘मशाल’मधला एक प्रसंग तुम्ही पाहिलेला असणारच. रात्र, रिकामा रस्ता, पदपथावर कळवळणारी बायको, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून भीक मागणारा दिलीपकुमार. एकही गाडी थांबत नाही. हा प्रसंग रंगमंचावर करताच येणार नाही. दिवे विंगेतून टाकाल, आवाज लावाल, पण भरधाव येऊन न थांबता निघून जाणारी गाडी कुठून आणाल? तत्त्वानं जगलेल्या माणसाला समाज वाऱ्यावर सोडतो, हे सांगायला नाटकात संवाद लागतात. इथे ते काम रस्त्यानं केलं.

यावरून कुणी नियम काढेल, की नाटकाचा सिनेमा करायचा तर घराबाहेर पडायचं. पुष्कळ निर्माते तसं समजतात आणि मग विनाकारण पात्रांना धरणावर, बागेत, द्राक्षाच्या मळ्यात नेऊन तेच संवाद म्हणायला लावतात. खोलीतलं बोलणं मळ्यात केल्यानं त्याचा सिनेमा होत नाही. त्याची सहल होते.

उलट उदाहरण आहे. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे मूळचं टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक, त्यावर सिडनी ल्युमेटनं १९५७ मध्ये सिनेमा केला. आपल्याकडे बासू चटर्जींनी ‘एक रुका हुआ फैसला’ केला तो त्याचाच. एक खोली, बारा माणसं, एका पोराच्या फाशीचा निर्णय. ल्युमेटनं खोली जवळजवळ सोडलीच नाही. सुरुवातीला त्यानं कॅमेरा डोळ्यांच्या जरा वर ठेवला, मग हळूहळू खाली आणला, शेवटाकडे इतका खाली की डोक्यावरचं छत दिसायला लागतं. लेन्सही अशा बदलत नेल्या, की मागची भिंत माणसांच्या अंगावर आल्यासारखी वाटते. खोली तेवढीच, पण पाहणाऱ्याला ती आकसत जाते. घाम फुटतो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं त्याच रात्री तो सिनेमा पाहिला, आणि सकाळी म्हणाला, ‘‘मामा, मला ते कळलंच नाही, नुसतं गुदमरल्यासारखं झालं.’’ कळलं नाही हेच बरं झालं.

पुठ्ठ्याचा रायगड

रंगमंचावर दोन पायऱ्या, एक खांब आणि एक मशाल ठेवली, की आपण रायगड मानतो. पुठ्ठ्याचा खांब हलला तरी मानतो. प्रेक्षक आणि नाटक यांच्यात हा न बोलता झालेला करार असतो. कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ याच कराराच्या बळावर उभं आहे. शिवाजीराजे, संभाजी, सोयराबाई: एका घरातली भांडणं, बाप-लेकाचं न जुळणं. लढाई एकही दिसत नाही आणि हवीशीही वाटत नाही.

हेच पडद्यावर आणायचं म्हटलं की लोक गड मागतात. गड दिला की घोडे मागतात. घोडे दिले की संगणकावर केलेले घोडे ओळखू येतात म्हणून हसतात. आणि या सगळ्या धावपळीत बाप-लेकाचं बोलणं कोपऱ्यात जातं. कॅमेऱ्याला खोटं चटकन कळतं, म्हणून ऐतिहासिक नाटकाचा सिनेमा फार महाग पडतो. पैशानं महाग, आणि लक्षानंही.

गाणं: सगळ्यात अवघड सामान

आता आत्याच्या तक्रारीकडे येतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं. तिथून पुढची निदान चाळीस वर्षं मराठी नाटक म्हणजे गाणारं नाटक. जुनी संगीत नाटकं रात्रभर रंगायची. गोष्ट एखाद्या वळणावर यायची, पात्र पदाला सुरुवात करायचं, आणि गोष्ट तिथेच थांबायची. थांबायलाच हवी, कारण लोक गोष्टीसाठी आलेले नसतात. गोष्ट त्यांना पाठ असते. ते गाण्यासाठी आलेले असतात. गाणं आवडलं तर वन्स मोअर. नायिका रुसली आहे, दार लावून घ्यायला निघाली आहे, आणि प्रेक्षकांनी हाक दिली की परत मागे वळून तोच रुसवा नव्यानं गाते. ‘मानापमान’ १९११ चं, खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व. ‘नाही मी बोलत नाथा’ हे नुसतं रुसणं नव्हतं. बालगंधर्व कसे रुसतात ते पाहायला लोक यायचे.

सिनेमात गोष्ट थांबली की खुर्ची टोचायला लागते. मोबाइल बाहेर येतो. पडद्याला वन्स मोअर देता येत नाही. दिला तरी तो ऐकत नाही. मग गाण्यानं काहीतरी वेगळं काम करायला हवं: काळ पुढे न्यावा, जागा बदलावी, नातं बदलावं.

‘कट्यार काळजात घुसली’ इथे नशीबवान ठरलं. दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यातली गोष्टच गाण्याची आहे. कुणाचं घराणं मोठं, कोण कुणाची गायकी चोरतो, हाच झगडा. गाणं काढलं तर गोष्टच उरत नाही. म्हणून सुबोध भाव्यांनी २०१५ मध्ये चित्रपट केला तेव्हा गाण्यांना आपोआप काम मिळालं. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी म्हणून शंकर महादेवन आले आणि नाटकात ज्या पात्राला फारसं गायला मिळत नाही ते सिनेमात गातं झालं. काही जुनी पदं राहिली, काही नवी आली. आणि चित्रपटाच्या आधी, २०१० च्या सुमारास, राहुल देशपांडे यांच्यासह हे नाटक भाव्यांच्याच दिग्दर्शनात पुन्हा रंगमंचावर आलेलं होतं. म्हणजे सिनेमा करणाऱ्याच्या अंगात ते नाटक आधी मुरलेलं होतं. याचा फायदा किती, हे कोणत्याही सुगरणीला विचारा.

‘मानापमान’ची गोष्ट तशी नाही. गरीब पण शूर धैर्यधर, श्रीमंतीच्या तोऱ्यात त्याचा अपमान करणारी भामिनी, आणि मग तिचे उघडणारे डोळे. ही गोष्ट गाण्याशिवायही सांगता येते. म्हणजे गाणं इथे दागिना आहे. दागिना सुंदर, पण दागिना. पडद्यावर तो तसाच ठेवला तर नवा प्रेक्षक चुळबुळतो. नव्यानं घडवला, तर आत्या विचारते, माझं मानापमान कुठे? या पेचाला बिनचूक उत्तर नाही असं माझं मत झालंय. नाटकाचं नाव जितकं गाण्यांमुळे मोठं, तितका त्याचा सिनेमा अवघड.

‘पण लेखकाच्या शब्दाला हात लावायचा हक्क यांना दिला कुणी?’

आत्याचा हा प्रश्न रागानं विचारलेला असला तरी रास्त आहे. त्याची दोन उत्तरं आहेत.

एक कायद्याचं. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो. तोपर्यंत सिनेमा करायचा तर त्यांच्याकडून लेखी हक्क घ्यावे लागतात. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटकं २००९ पासून सगळ्यांची झाली. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यामुळे ‘नटसम्राट’ला २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. याशिवाय लेखकाच्या लौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड केली, तर त्याविरुद्ध दाद मागायची सोयही कायद्यात आहे. लेखकामागे वारसही ती मागू शकतात. हक्क घेऊन बदल करायला आडकाठी नाही. बदनाम करायला आहे.

दुसरं उत्तर खुद्द शिरवाडकरांकडून. ‘नटसम्राट’च्या मागे शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ उभा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. लिअर राजा मुलींमध्ये राज्य वाटून टाकतो आणि मग वाऱ्यापावसात बेघर होतो. शिरवाडकरांनी त्याचा शब्दशः तर्जुमा केला नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात राज्य कुठून असणार? तिथे असतं घर, साठवलेले पैसे, आणि ‘आता आमचं काय, सगळं मुलांचंच’ हे वाक्य. राज्याचं काम त्यांनी या वाक्याला दिलं. राजाच्या जागी रंगभूमीवरचा राजा आणला. पुढे १९८५ मध्ये जपानी दिग्दर्शक कुरोसावानं त्याच लिअरवर ‘रान’ केला, त्यात मुलींचे मुलगे केले. ‘मॅक्बेथ’चा ‘राजमुकुट’ करणाऱ्या शिरवाडकरांना त्यात वावगं वाटलं असतं असं मला वाटत नाही.

आणि त्यांना सिनेमाही ठाऊक होता. १९३६ च्या सुमारास ते नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते. ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही. मराठी साहित्याच्या दृष्टीनं झालं ते बरंच झालं.

‘आजच्या पोरांना कळेल असं करा’ म्हणजे काय?

यावर निर्मात्यांचं उत्तर सहसा सोपं असतं: भाषा सोपी करा, वेग वाढवा, पात्रांच्या हातात मोबाइल द्या. यानं नाटक आजचं होत नाही, ते फक्त आजच्या तारखेचं होतं.

नाटकातली कोणती गोष्ट आज चालत नाही ते आधी शोधायला हवं. कधी भाषा चालत नाही. कधी विनोद चालत नाही, कारण तो बायकांच्या किंवा खालच्या मानलेल्या जातीच्या जिवावर केलेला असतो. कधी मूळ अडचणच आज अडचण राहिलेली नसते. लग्न जुळण्यासाठी एखादं पत्र वेळेवर पोचलं नाही म्हणून तीन अंक रडणारं नाटक आज एका फोनवर संपेल. अशा वेळी त्या पत्राचं काम कुणी करायचं? विशाल भारद्वाजनं ‘ऑथेल्लो’चा ‘ओमकारा’ करताना संशय पेरणारा रुमाल बदलून कमरबंद आणला. रुमालावरून बायकोवर संशय घेणं उत्तर प्रदेशातल्या त्या गावात पटलं नसतं. घराण्याचा दागिना हरवणं पटतं. वस्तू बदलली, संशय तोच राहिला.

‘मग नाटक कशाला पाहायचं, सिनेमाच पाहू’

हे भाच्याचं. त्याला मी उत्तर दिलं नाही, एक खेळ सांगितला. कुणालाही घरी करता येतो. चांगलं नाटक डोळे मिटून ऐकावं, पुष्कळसं कळतं. चांगला सिनेमा आवाज बंद करून पाहावा, पुष्कळसं कळतं. उलट करून पाहिलं की काय गळतं ते दिसतं, आणि कोणती गोष्ट कुणाच्या जिवावर चालली आहे तेही कळतं.

आम्ही ‘नटसम्राट’वरच तो केला. टीव्हीवर सिनेमा लावला, आवाज बंद. भाचा टक लावून पाहत होता. आत्या पाठ करून बसली, डोळे मिटले आणि पन्नासेक वर्षांपूर्वी ऐकलेलं स्वगत तिच्या आवाजात म्हणायला लागली. समोर नानांचे ओठ वेगळ्याच वेगानं हलत होते. मध्येच एका ओळीवर ती अडकली. पुढचं आठवेना.

भाच्यानं पडद्यावरून नजर न हलवता पुढची ओळ म्हटली.

आत्यानं डोळे उघडले. ‘‘तुला कसं रे येतं हे?’’

‘‘रील्समध्ये असतं की, आजी.’’

‘‘बरं. मग पुढचं म्हण.’’

पुढचं त्याला येत नव्हतं. रील तिथेच संपत होतं. मग आत्या पुन्हा पाठ करून बसली आणि उरलेलं तिनं म्हटलं.